एकवीस अर्ध्या गोळ्या

औषधाच्या दुकानात 'नाही' म्हणायच्या बऱ्याच तऱ्हा असतात. 'संपलंय, उद्या येईल' ही सगळ्यात सोपी. 'कंपनीकडूनच येत नाहीये' ही जरा जड. 'डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या' ही अंगावरचं झटकून टाकायची. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ताईला या सगळ्या येत होत्या, पण तीस वर्षांत तिने त्या फारशा वापरल्या नव्हत्या. तिचे वडील गिऱ्हाइकाला नाही म्हणत नसत. 'बघतो' म्हणत, आणि खरोखरच बघत. दुकान हाती आलं तेव्हा ही खोडही तिच्याकडे आली. नाही म्हणायचा सराव तिला गेल्या दोन महिन्यांत झाला, आणि सराव झाला की कुठलंही काम हातून पटकन होतं, तसं हेही व्हायला लागलं.

झालं होतं असं, की फिटच्या गोळ्या यायच्या बंद झाल्या होत्या. सगळ्या नव्हे, एकच. पण नेमकी तीच, जी आसपासचे अकरा जण रोज घेत. कारखान्यात कच्चा माल नाही म्हणे. कुणी म्हणालं, कारखानाच दुसऱ्याने विकत घेतलाय आणि त्याला ही गोळी परवडत नाही. ठोक व्यापारी आधी 'सोमवारी' म्हणाला, मग 'पुढच्या सोमवारी', आणि नंतर त्याने सोमवारचं नाव काढणंच सोडलं. ताई सकाळी शटर वर केल्यापासून पहिला तास फोनवर काढायची. सात ठोक व्यापारी, दोन इस्पितळांची औषधभांडारं, ओळखीचे तीन दुकानदार. सगळ्यांचं उत्तर एकच, फक्त आवाज वेगळे. औषध म्हणजे काही चपला नव्हेत, की या महिन्यात मिळाल्या नाहीत तर जुन्या शिवून वापरू. पण हे ज्याला सांगायचं तो माणूस फोनवर कधीच येत नाही. फोनवर येतो तो बिचारा आपल्यासारखाच कुणीतरी, त्याच्याही हातात काही नसतं.

ताईचे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुकानातच असत. कामाला ठेवलेले नव्हते, पण घरी मामींच्या पायात पायात येण्यापेक्षा तिथे बरे, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं. शिडीवर चढणं, खोकी फोडणं आणि गिऱ्हाइकांची फिरकी घेणं ही त्यांची खाती. खोकल्याचं औषध मागणाऱ्याला ते गंभीर चेहऱ्याने विचारत, "खोकला थांबवायचाय की शेजाऱ्यांची तक्रार?" या दोन महिन्यांत मात्र त्यांचीही जीभ जरा आवरती झाली होती. समोरचा माणूस चिठ्ठी पुढे करतो, आपण मान हलवतो, आणि तो ती चिठ्ठी जपून घडी करून परत खिशात ठेवतो. हे दिवसात तीनदा बघितल्यावर कुणाला थट्टा सुचेल?

सुरुवातीला ताईने सरळ वाटणी केली होती. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, दहा दिवसांच्या द्यायच्या. पुढे पाच दिवसांच्या. मग एक दिवस असा आला की दुकानात चार पाकिटं राहिली आणि मागणारे सहा. त्या दिवशी तिने एका विमा एजंटाला खरं ते सांगितलं. "आहेत, पण त्या दुसऱ्यांसाठी ठेवल्यात. त्यांच्याकडे उद्याचीसुद्धा नाही. तुमच्या भावाच्या अजून आठ दिवसांच्या असतील." तो माणूस एरवी फार गोड बोलणारा, धंदाच तसा. पण त्याने दुकान डोक्यावर घेतलं. कुणाचा भाऊ आधी मरायचा हे तू ठरवणार का, असं त्याने विचारलं आणि काउंटरच्या काचेवर मूठ आपटली. काच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. मामांनी वर चिकटपट्टी लावली. आणि ताईने कानाला खडा लावला, की आता कुणाला कारण सांगायचं नाही. ज्याला द्यायचं त्याला द्यायचं, ज्याला द्यायचं नाही त्याला 'नाही' म्हणायचं. नाही म्हटलं की माणूस हळहळतो, पण भांडत नाही. उरलेली पाकिटं समोरच्या फळीवरून उठून खालच्या खणात गेली, आणि तो खण फक्त ताईला आणि मामांना ठाऊक होता.

"हे तुझ्या बापाला आवडलं नसतं," मामा एकदा म्हणाले.

"त्यांच्या वेळी औषधं मिळत होती," ताई म्हणाली. ते खरं होतं, म्हणून मामा खोकी फोडायला वळले.

आता घड्याळकाकांबद्दल सांगायला हवं. मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे घड्याळ दुरुस्तीवाले. वय एकाहत्तर. चाळीसएक वर्षांपूर्वी त्यांना पहिली फिट आली ती त्यांच्या घड्याळांच्या दुकानातच, डोळ्याला भिंग लावलेलं असताना. त्यानंतर पुष्कळ वर्षं पुष्कळ डॉक्टर झाले, जिभेवर दातांचे व्रण झाले, आणि शेवटी ही गोळी लागू पडली. सकाळी एक, संध्याकाळी एक. अकरा वर्षांत एकही फिट नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, आधी नवऱ्याला एकट्याला अंघोळीलासुद्धा सोडता येत नसे. आता ते एकटे बाजारात जात, जिने चढत, आणि परत भिंग लावून बसत. काकू ताईला म्हणायच्या, "तुझ्या गोळ्यांनी मला माझा दिवस परत दिला बाई." गोळ्या काही ताई बनवत नव्हती, पण ऐकायला बरं वाटायचं.

ताईने आपल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना एक शिस्त लावली होती. वडिलांचीच पद्धत ती. गोळ्या संपल्यावर यायचं नाही. सात दिवसांच्या उरल्या की यायचं. म्हणजे माल यायला उशीर झाला तरी मधे खंड पडत नाही. ही शिस्त बाकीचे पाळत कधी, विसरत कधी. घड्याळकाका मात्र घड्याळाप्रमाणेच येत. आले की आधी दुकानाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मग मनगटाकडे बघत आणि म्हणत, "तीन मिनिटं पुढे आहेस." ताई म्हणायची, "औषधाच्या दुकानाने पुढेच असावं, काका." हे संभाषण दर महिन्याला व्हायचं आणि दोघांनाही त्याचा कंटाळा यायचा नाही.

त्या सोमवारी ते दुपारी बाराच्या सुमारास आले. खालच्या खणात तेव्हा एकच पाकीट उरलं होतं. दहा गोळ्या. त्या कुणाच्या हे सकाळीच ठरलं होतं. पलीकडच्या रस्त्यावर एक बाई कपड्यांचं शिवणकाम करायच्या. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला हीच गोळी होती, दिवसाला एक. तिला मधे दुसरं औषध देऊन पाहिलं होतं, तर अंगभर चट्टे उठून तोंड आतून सोलवटून निघालं होतं. डॉक्टरांनीच ताईला फोन करून सांगितलं होतं की हिला दुसरं काही चालणार नाही, काय वाटेल ते करा. मुलीची शेवटची गोळी त्या दिवशी सकाळी घेऊन झाली होती. आई संध्याकाळी येणार होती.

दुकानात सहा-सात माणसं होती. कुणाचं इन्सुलिन, कुणाची थेंबांची बाटली, कुणाला नुसताच कापूस. घड्याळकाका गर्दीत मागे शांत उभे राहिले. आपली पाळी आल्यावर पुढे झाले.

"ताई, आमच्या?"

ताईने त्यांच्याकडे बघितलं. एका क्षणात तिच्या डोक्यात सगळी गणितं झाली. आज सोमवार. काका आलेत, म्हणजे घरी सात दिवसांच्या आहेत, चौदा गोळ्या. मुलीकडे शून्य. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. विचार करण्यासारखी गोष्ट एवढीच होती, की हे त्यांना सांगायचं का. शेजारी उभे असलेले दोघे कान देऊन ऐकत होते, तडकलेल्या काचेवरची चिकटपट्टी एका बाजूने सुटत होती, आणि तोंडाला सवय झाली होती.

"नाही हो काका," ती म्हणाली. "एकही नाही."

"एकही नाही?"

"नाही. घरी आहेत ना सात दिवसांच्या?"

"आहेत, आहेत. तुझीच शिस्त आहे ती." ते हसले. "बरं. येईल तेव्हा येईल."

तिला पुढे म्हणायचं होतं, की मग त्या रोजच्यासारख्या घ्या, पुरवून पुरवून घेऊ नका, त्याआधी मी काहीतरी करते. हे वाक्य ती प्रत्येकाला सांगायची. तिच्या जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात फोन वाजला. ठोक व्यापाऱ्याचा नंबर होता, आणि तो आपणहून फोन करतो म्हणजे काहीतरी असणार, म्हणून तिने हात वर करून काकांना थांबायची खूण केली. काकांना वाटलं, 'या आता' म्हणतेय. त्यांनीही हात वर केला आणि ते गेले.

फोनवर व्यापारी म्हणत होता, "शनिवारी तीस पाकिटं देतो. नक्की."

फोन ठेवल्यावर मामा म्हणाले, "बोलावू का त्यांना परत? कोपऱ्यावर असतील अजून."

"कशाला? हा याआधी चारदा नक्की म्हणालाय. उगाच आशा लावायची आणि परत तोंडघशी पाडायचं. माल हातात आला की करू फोन. त्यांच्याकडे आहेत सात दिवसांच्या."

मामांनी मान हलवली. त्यांनाही पटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी कुणालाही पटलं असतं.

संध्याकाळी शिवणवाल्या बाई आल्या. ब्लाउजच्या गळ्याला टाचलेली सुई तशीच होती, काम टाकून पळत आल्या होत्या. ताईने खण उघडला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. ते पाकीट त्यांनी दोन्ही हातांत धरलं, उलटं करून तारीख बघितली, आणि मग काउंटरच्या कडेला टेकून उभ्या राहिल्या. मामांनी त्यांना स्टूल दिलं. दोन महिन्यांत त्या एका संध्याकाळी ताईला वाटलं की आपण आपलं काम नीट केलं. त्या रात्री तिला झोपही लागली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार नेहमीसारखे गेले. शुक्रवारीही दुकानात काही विशेष झालं नाही. ताईला नंतर पुष्कळ दिवस याचंच नवल वाटत राहिलं, की शुक्रवारी सकाळी आपण खोकी मोजत होतो, मामा कुणाशी तरी हसत होते, आणि मागच्याच गल्लीत ते सगळं होत होतं, तरी आपल्याला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

शनिवारी माल खरोखरच आला. तीस पाकिटं, मोजून. मामांनी खोकं टेबलावर ठेवून दोन्ही हात असे पसरले की जणू त्यांनीच त्या गोळ्या बनवल्या होत्या. ताईने प्रत्येक पाकिटावर कागद लावून ज्याची त्याची खूण लिहायला घेतली. सगळ्यात आधी तिने घड्याळकाकांची चार पाकिटं बाजूला काढली, वीस दिवसांची, कारण खणात पाकीट असूनही आपण त्यांना नाही म्हणालो हे तिच्या मनात कुठेतरी टोचत होतंच.

"लावा फोन, मामा. तुम्हीच सांगा. म्हणावं, घड्याळ पुढे आहे, लवकर या."

मामांनी फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, पण तो शेजारणीने. मामा ऐकत राहिले. त्यांनी फक्त "कधी?" एवढं विचारलं, मग "कसं?" विचारलं, आणि फोन कानापासून काढून हातात धरून ठेवला.

काल सकाळी जिन्यावरून पडले. पेपर आणायला खाली निघाले होते. वरच्या पायऱ्यांवरच फिट आली, डोकं दगडी कडेवर आपटलं आणि ते तिथेच गेले. वर काकूंना आवाज आला तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी सामान टाकलं.

ताईने हातातला कागद खाली ठेवला. नंतर तिने तो परत उचलला आणि पुढच्या पाकिटाला लावला, कारण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. असं कसं करता येतं माणसाला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात आपलं काम करत राहिले.

रविवारी ती मामांबरोबर काकूंना भेटायला गेली. लहानशी खोली, माणसांनी भरलेली. भिंतीवर बारा-पंधरा घड्याळं, गिऱ्हाइकांची, दुरुस्तीला आलेली, आणि सगळी चालू. काकूंनी तिचा हात धरला आणि शेजारच्या बायकांना सांगितलं, "या आमच्या ताई. यांच्या औषधावर अकरा वर्षं सुखाची गेली." त्या रडत नव्हत्या. ताईलाच रडू आलं, आणि उलट काकूच तिची समजूत घालत बसल्या. याहून वाईट तिला काही सोसवलं नसतं, असं तिला तेव्हा वाटलं. पण ते खरं नव्हतं.

उतरताना जिन्यात काकांचे डॉक्टर भेटले. ते ताईला ओळखत होते. "गोळ्या चालू होत्या ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"होत्या. सोमवारी त्यांच्याकडे सात दिवसांच्या होत्या. मी स्वतः विचारलं."

"मग काय बोलणार," डॉक्टर म्हणाले. "या आजारात गोळ्या चालू असतानाही येते कधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ताईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. गोळ्या चालू असतानाही येते कधी. घरी, दुकानात, भांडी घासताना, फोनवर सातव्या व्यापाऱ्याशी बोलताना ती मनातल्या मनात गणित करून बघायची. सोमवारी चौदा गोळ्या. शुक्रवार सकाळपर्यंत सात गेल्या असणार, सात उरल्या असणार. आपलं चुकलं नाही. ते पाकीट दिलं असतं तरी ते नुसतं त्यांच्या कपाटात पडून राहिलं असतं, आणि इकडे ती मुलगी. गणित दर वेळी बरोबर यायचं. बरोबर आलेलं गणित माणूस पुन्हा पुन्हा का करतो, हा प्रश्न मामांच्या मनात आला होता, पण त्यांनी तो विचारला नाही.

पंधरा दिवसांनी, सकाळची गर्दी ओसरल्यावर, काकू दुकानात आल्या. थोड्या वाळल्या होत्या. हातात एक छोटी पत्र्याची डबी होती, घड्याळाचे बारीक स्क्रू ठेवतात तसली. त्यांनी ती काउंटरवर ठेवली.

"या त्यांच्या उरलेल्या. टाकवत नाहीत बाई. कुणाला मिळत नाहीत म्हणतेस, तर कुणाला तरी दे."

उघड्या गोळ्या परत घेऊन दुसऱ्याला देता येत नाहीत, हे ताई सांगणार होती. पण ते नंतरही सांगता आलं असतं. तिने डबी उघडली. सात गोळ्या असणार, तिला पाठ होतं.

डबीत कापूस होता, आणि कापसावर अर्ध्या गोळ्या होत्या. एकही अख्खी नव्हती. प्रत्येक गोळी बरोबर मधोमध कापलेली, कुठे चुरा नाही, कुठे कोपरा उडालेला नाही. अशी गोळी कापायला हात फार स्थिर लागतो. ताईने त्या बोटाने सारून मोजल्या. एकवीस.

"या अर्ध्या कशा, काकू?"

"त्यांनीच केल्या. तू नाही म्हणालीस ना, त्या दिवशी घरी आले आणि जेवायच्या आधी भिंग लावून बसले. त्यांचं ते बारीक पातं घेऊन सगळ्या कापल्या. म्हणाले, आता सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. चौदा दिवस ओढू. तोवर कुठून तरी येईलच."

काउंटरपलीकडे मामा खोकं फोडत होते. त्यांचा हात थांबला.

ही गोळी कापायची नसते. ती पोटात हळूहळू विरघळावी म्हणून वरून तसं वेष्टण असतं. कापली की एकदम विरघळते, थोडा वेळ पुरते आणि मग काहीच उरत नाही. त्यात मात्राही निम्मी. सोमवार संध्याकाळपासून गुरुवार संध्याकाळपर्यंत सात अर्धुकं. ताईने हे काकूंना सांगितलं नाही. सांगून आता काय करायचं होतं?

"मी म्हटलं त्यांना," काकू सांगत होत्या, "की मोठ्या रस्त्यावर दोन दुकानं आहेत, इस्पितळाजवळ एक आहे, जाऊन विचारून येऊ. रिक्षाने जाऊ. तर ऐकेनात. म्हणाले, ताईकडे नाही म्हणजे कुठेच नाही. ती असून नाही म्हणणारी नव्हे." त्यांनी पदराने डबीचं झाकण पुसलं. "तुझ्यावर फार विश्वास त्यांचा."

तिला गप्प बसता आलं असतं. त्या पाकिटाची गोष्ट मामांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, आणि मामा मेले तरी बोलले नसते. काकू चार वाक्यं बोलून गेल्या असत्या, पुढच्या महिन्यात परत आल्या असत्या, आणि कधी कुणाला कळलं नसतं. ताईने एवढा सगळा विचार केला. आणि मग तिला जाणवलं, की आता गप्प बसणं म्हणजे या बाईला दुसऱ्यांदा नाही म्हणणं आहे.

"काकू, होतं."

"काय होतं?"

"एक पाकीट होतं. त्या सोमवारी. खालच्या खणात." "एका लहान मुलीसाठी ठेवलं होतं. तिच्याकडे एकही गोळी नव्हती, आणि तिला दुसरं औषध चालत नाही. तुमच्याकडे सात दिवसांच्या होत्या. मला वाटलं, तोवर माल येईल. आणि आला, शनिवारी आला. मी काकांना खोटं सांगितलं."

बाहेरून एक माणूस आत यायला लागला, त्याला मामांनी पुढे होऊन दाराबाहेरच थांबवलं.

"मुलगी बरी आहे?" काकूंनी विचारलं.

"बरी आहे."

"किती वर्षांची?"

"सात."

काकूंनी मान हलवली. बराच वेळ त्या काउंटरच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. ताई वाट बघत होती. त्या चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या, काच फोडली असती, तर तिला आत्ता ते हवंच होतं.

"तिलाच द्यायला हवं होतं," काकू शेवटी म्हणाल्या. "त्यात तुझं काही चुकलं नाही. पण मग तसं सांगायचं होतंस ना ग. ते काय भांडले असते का तुझ्याशी?"

"नाही."

"म्हणाले असते, दे तिला. आणि घरी येऊन जेवून, आपली पूर्ण गोळी घेऊन झोपले असते. तुझ्याकडे येतंय, तू वाटून देतेयस, एवढं कळलं असतं ना, तरी पुरे होतं. ते घाबरले. मला दाखवलं नाही, पण घाबरले होते. कापताना बोलत नव्हते."

माफ करा असं म्हणायचं असतं अशा वेळी, हे ताईला ठाऊक होतं, पण तो शब्द तिला इतका लहान वाटला की तोंडातून निघाला नाही. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी काकूंनी तिची समजूत घातली नाही.

थोड्या वेळाने काकूंनी पिशवीतून स्वतःची चिठ्ठी काढली. "माझ्या रक्तदाबाच्या दे. परवा संपतायत."

ताईने डोळे पुसले आणि वळून फळीवरून पाकिटं काढली. तीही औषधं आता कमी यायला लागली होती. या आठवड्यात व्यापाऱ्याने निम्माच माल दिला होता. तिने समोर होती तेवढी काउंटरवर ठेवली.

"या वेळी दोनच देते, काकू. दोनच आहेत."

तीस वर्षं काकू या दुकानात येत होत्या. दिलेलं औषध त्या न बघता पिशवीत टाकत. नाव वाचत नसत, तारीख बघत नसत, उरलेले सुटे पैसेसुद्धा मोजत नसत. आज त्यांनी पाकिटांना हात लावला नाही.

"खरंच दोनच आहेत?"

"दोनच आहेत, काकू," ताई म्हणाली.

ते खरं होतं. काकू तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.